मोटार उचलणारे यंत्र आणि घरधन्याची जबाबदारी

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत सामान्यतः बाजारभाव, करांची आकारणी, मुलामुलींचे शिक्षण व समाजातील सत्कार्ये यांविषयी लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीत मोटारीच्या गॅरेजविषयी लिहिणे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु अलीकडे आपल्या सभासदांच्या घरोघरी ज्या एका यंत्राविषयी विचारपूस चालू आहे, ते म्हणजे घरच्या गॅरेजमध्ये बसवावयाची मोटारीची लिफ्ट होय. या यंत्राने जागा वाचते हे खरे. दुरुस्तीची सोय होते हेही खरे. तथापि त्याच्या खाली माणूस उभा राहतो, आणि तो माणूस बहुधा घराचा मालक नसतो. म्हणून हा विषय केवळ सोयीचा नसून व्यवहारधर्माचा आहे, असे माझे मत आहे. ते सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

बेळगावच्या रविवार पेठेत, गणपत गल्लीत किंवा शहापुरात ज्यांची जुनी घरे आहेत, त्यांना जागेची अडचण मी सांगावयास नको. रस्त्याकडे पेढी, तिच्या मागे कोठार, माडीवर बिऱ्हाड आणि मागील दाराने बैलगाडी आत यावी एवढे अंगण, अशा बेताने ही घरे बांधली गेली. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ज्वारीची पोती होती, मोटारी नव्हत्या. पुढे घाऊक माल मार्केट यार्डात गेला, घरामागील कोठार रिकामे पडले, आणि त्याच कोठाराचे गॅरेज झाले. आता एकेका घरात दोघा भावांच्या दोन गाड्या, मुलाची तिसरी आणि दुकानाचा टेम्पो चौथा, अशी स्थिती आहे. गाडी गल्लीत उभी करावी तर शेजाऱ्याचे दार अडते, आणि आत घ्यावी तर जागा नाही. अशा घरास एका गाडीच्या डोक्यावर दुसरी गाडी ठेवणारे यंत्र वरदान वाटले तर त्यात नवल नाही. टिळकवाडीसारख्या भागात ज्यांचे बंगले आहेत, त्यांची गरज निराळी. घरचीच चार वाहने असल्यामुळे तेल बदलणे, ब्रेक पाहणे, खालचा गंज घासून रंग देणे ही कामे दारातच करून घ्यावीत, असे त्यांस वाटते.

मी या यंत्राच्या विरुद्ध नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. ज्याचा सारा व्यापार हमालाच्या पाठीवर उभा राहिला, त्याने ओझे उचलणाऱ्या यंत्राचा द्वेष करण्याचे काही कारण नाही. शिवाय आज पुष्कळ ठिकाणी गाडीखाली शिरण्याची जी रीत आहे, तीपेक्षा चांगली लिफ्ट शतपटीने बरी. हातजॅकवर गाडी उचलावयाची, चाकास एक वीट लावावयाची आणि पोराने पाठीवर सरपटत आत जावयाचे, ही ती रीत! जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर माणसाने गाडीखाली जावयाचे नसते, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकातच छापलेले असते. ते पुस्तक मात्र आपण डिकीतून बाहेर काढीत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, लिफ्ट विकत घेताना आपण ज्या गोष्टीची चौकशी करतो ती दुय्यम आहे. गाडी किती उंच जाईल, किती वेळात जाईल, मोटर किती शक्तीची, रंग कोणता, हे आपण विचारतो. ती वर धरून कोण ठेवणार, हे विचारीत नाही. वस्तुतः ओझे उचलण्याच्या यंत्रांचा सारा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे. दोर व चाके यांनी माल वर चढविण्याची कला फार पुरातन. पाण्याच्या किंवा तेलाच्या दाबाने अल्प बळात मोठे ओझे हलविता येते, हे तत्त्व सतराव्या शतकात पास्कलने मांडले. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचा हक्क इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली नोंदविला. तरीही उचललेल्या ओझ्यापाशी जाण्यास माणूस भीत असे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस स्वतः उंच चढविलेल्या पाळण्यावर उभा राहिला आणि सर्वांसमक्ष त्याने वरचा दोर तोडविला. पाळणा थोडासा खचला आणि जागीच अडकला. कारण दोर सुटताच बाजूच्या खाचांत जाऊन बसणारे दाते त्याने त्यात बसविले होते. लोकांचा विश्वास बसला तो दोरावर नव्हे, दात्यांवर. पुढे १९२५ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरच्या पीटर लुनाटी याने तेलाच्या दाबावर मोटार उचलणाऱ्या यंत्राचा हक्क मिळविला. न्हाव्याची वरखाली होणारी खुर्ची पाहून त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात. तात्पर्य, उचलणे सोपे आहे. उचललेले धरून ठेवणे हेच खरे काम आहे.

आता या यंत्राचे प्रकार थोडक्यात सांगतो, कारण प्रकार न कळता केलेली खरेदी पस्ताव्यास कारण होते. पहिला प्रकार दोन खांबांचा. दोन्ही खांबांना मिळून चार हात असतात. ते गाडीच्या अंगाखाली नेमून दिलेल्या चार ठिकाणी टेकवावयाचे. मग चाके मोकळी लोंबतात आणि ब्रेक, स्प्रिंगा, चाके यांचे काम सुलभ होते. दुसरा प्रकार चार खांबांचा. यात गाडी दोन लोखंडी पट्ट्यांवर चालवीत न्यावयाची आणि ती चाकांवर उभी असतानाच वर चढते. गाडी साठवून ठेवण्यास व खालून पाहणी करण्यास हा प्रकार उत्तम. तिसरा प्रकार कात्रीसारखा उघडणारा. तो बुटका असतो आणि चाके काढण्यापुरते काम देतो. चौथी ती निव्वळ गाडी ठेवण्याची लिफ्ट; वर एक गाडी, खाली दुसरी. हिच्यात खालची गाडी बाहेर काढल्याखेरीज वरची उतरत नाही. म्हणून एकत्र कुटुंबात ती बसविण्यापूर्वी, पहाटे कोणास आधी निघावयाचे असते आणि कोणती किल्ली कोणत्या खिळ्यास टांगावयाची, हे ठरवून घ्यावे. नाहीतर भावाभावांत रोज सकाळी एक नवी तक्रार सुरू व्हावयाची.

या चारांपैकी कोणताही प्रकार घेतला तरी पहिला विचार जमिनीचा. येथेच आपण धान्याचे व्यापारी फसण्याचा संभव अधिक. कारण आपणास वाटते की, या कोठाराच्या जमिनीने शेकडो पोत्यांचा भार पेलला, तिला एका मोटारीचे काय! हा हिशेब चुकीचा आहे. मोठी सातआसनी गाडी सुमारे दोन हजार किलो धरली, तर ते पन्नास किलोच्या चाळीस पोत्यांचे वजन झाले. चाळीस पोत्यांची थप्पी पाच थरांची लावली तरी पन्नासेक चौरस फूट जागा व्यापते. दोन खांबांच्या लिफ्टच्या तळपट्ट्या मात्र दोन्ही मिळून तीन-चार चौरस फुटांपलीकडे जात नाहीत. म्हणजे वजन तेच, पण जमिनीच्या प्रत्येक फुटावर येणारा भार दहा-पंधरा पटींनी अधिक. आणखी एक भेद आहे. पोते जमिनीवर सरळ बसते. दोन खांबांची लिफ्ट गाडीला हात पसरून उचलते, त्यामुळे तिचा खांब आतल्या बाजूस कलू पाहतो आणि त्याच्या तळाचे बोल्ट जमिनीतून उपटून निघू पाहतात. जमीन केवळ दबून भागत नाही. तिने त्या बोल्टांस घट्ट धरूनही ठेवले पाहिजे.

हे धरण्याचे काम शहाबादी फरशी करू शकत नाही. आपल्या जुन्या घरांत फरशीखाली मुरूम किंवा चुन्याचा कोबा असतो. त्यात भोक पाडून बोल्ट ठोकला तर तो आवळताना घट्ट लागल्यासारखा भासतो आणि भार येताच सुटतो. लिफ्टच्या खांबाखाली सलग सिमेंट-काँक्रीट हवे. त्याची जाडी काही हलक्या यंत्रांस चार इंच पुरते, पुष्कळांस पाच-सहा इंच लागते. यंत्राच्या पुस्तकात जो आकडा असेल तो पाळावा आणि मिश्रण एम-२५ प्रतीपेक्षा हलके असू नये. काँक्रीट ओतल्यावर अठ्ठावीस दिवस ते पक्के होऊ द्यावे. मुहूर्त जवळ आला म्हणून दहाव्या दिवशी बोल्ट ठोकण्याची घाई करू नये. बोल्ट काँक्रीटच्या कडेजवळ किंवा सांध्याजवळही घेऊ नयेत. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात बैलहोंगल, गोकाक, अथणीकडे काळी जमीन आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेथे वरच्या काँक्रीटइतकाच खालच्या भरावाचा विचार अगत्याचा आहे.

याहून मोठा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. आपल्या या भागात ज्वारी साठविण्यासाठी घरात, अंगणात व वेशीपाशी पेवे खणीत असत. तोंड अरुंद, पोट मोठे, आतून कडब्याचे अस्तर आणि तोंडावर दगड व माती. कणगी, पोती व पक्की कोठारे आली, तशी ही पेवे वापरातून गेली. काही भरून घेतली गेली, काही नुसतीच झाकली गेली, आणि त्यांवर फरशी बसली. आमच्या पेठेतील एका घरी लिफ्ट बसविणारा कारागीर मापे घेऊन गेला होता, दर ठरला होता, इसाराही दिला गेला होता. त्या घरी पूर्वी पोती वाहणारा एक वृद्ध हमाल सहज आला असता म्हणाला, “मालक, इथं खाली पेव हाय.” फरशी काढून पाहिली, तो खरोखरच पेव निघाले, अर्धे राडारोड्याने भरलेले आणि वरचा अर्धा भाग पोकळ. मापे घेणाऱ्याने खांबाची जागा नेमकी त्यावर आखली होती. त्याने जमिनीखाली काय आहे हे विचारले नव्हते आणि घरच्यांनाही ते ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते, त्याला विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून सांगतो, जुन्या कोठारात यंत्र बसविण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसास व जुन्या गड्यांस विचारा, हातोडीने फरशी ठोकून पोकळ आवाज येतो का पाहा, आणि शंका येताच खणून खात्री करा. पेवात पाणी शिरले म्हणजे काय होते, हे सांगलीजवळच्या हरिपूरने २००५ च्या महापुरात पाहिले; तेथील हळदीच्या प्रसिद्ध पेवांची त्या वेळी मोठी हानी झाली. झाकलेल्या पोकळीभोवतालची माती पावसाळ्यात ओली होते, ढिली होते, आणि एके दिवशी खचते.

नव्या बंगलेवाल्यांनी हे वाचून निश्चिंत होऊ नये. त्यांच्या पोर्चखाली पेव नसते, पण पाण्याची टाकी असते. कोठे कोठे मैलाटाकीही असते. टाकीचे झाकण एका कोपऱ्यात दिसते, टाकी मात्र पोर्चभर पसरलेली असते. तिच्या स्लॅबवरून गाडी जाण्याची सोय केलेली असेल, परंतु लिफ्टच्या खांबाचा भार पेलण्यासाठी ती बांधलेली नसते. शिवाय येथे उंचीचाही प्रश्न येतो. खालची गाडी पाच फूट उंच, वरची सातआसनी सहा फुटांच्या आसपास, मधली पट्टी सहा इंच, आणि वर-खाली मोकळी राहावयाची थोडी जागा धरली, तर बारा फूट उंची सहज लागते. बंगल्याच्या गॅरेजचा स्लॅब नऊ-दहा फुटांवर असतो, त्यातही एखादी तुळई खाली उतरलेली असते. गंमत अशी की, जुन्या कोठारास उंची आहे पण जमीन नाही, आणि नव्या बंगल्यास जमीन आहे पण उंची नाही. ज्यास दोन्ही नाहीत त्याने पैसा वाचवावा आणि तिसरी गाडी खरोखरच हवी आहे काय, याचा शांतपणे विचार करावा. अडचणीवरील सर्वांत स्वस्त उपाय पुष्कळदा हाच असतो.

जमीन व उंची यांनंतर मुख्य मुद्दा दात्यांचा, म्हणजे लॉकचा. लिफ्ट वर जाताना ‘टक् टक्’ असा आवाज येतो. ते दाते खांबाच्या खाचांवरून पुढे सरकत असतात. हवी ती उंची गाठल्यावर गाडी किंचित खाली घेऊन त्या दात्यांवर बसवावयाची असते. मग तेल गळो, नळी फुटो, वीज जावो, गाडी लोखंडावर बसलेली राहते. ही शेवटची क्रिया न करता, केवळ तेलाच्या दाबावर गाडी अधांतरी ठेवून माणसाने खाली शिरणे म्हणजे दोरावर भरवसा ठेवणे होय. दोन्ही बाजू समान वर जाव्यात म्हणून यंत्रात तारेचे दोर असतात; तेही झिजतात व ताणतात, त्यांचे धागे तुटू लागतात. गाडीच्या वजनाकडेही पाहिले पाहिजे. विजेवर चालणाऱ्या गाड्या त्याच मापाच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा बहुधा जड असतात, आणि त्यांची बॅटरी पोटाखाली असते. लिफ्टचा हात त्या बॅटरीवर टेकता कामा नये. टेकविण्याच्या जागा गाडीच्या पुस्तकातून पाहून घ्याव्यात. टेम्पो मालासह उचलू नये, हे आपल्या धंद्यातील माणसास वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या यंत्राखाली कोण उभा राहणार? घरधनी क्वचितच उभा राहील. उभा राहील तो आपला ड्रायव्हर, किंवा नाक्यावरच्या मिस्त्रीचा सतरा-अठरा वर्षांचा मदतनीस, किंवा गाडी धुणारा पोरगा. त्याने यंत्र निवडलेले नाही, जमीन पाहिलेली नाही, बोल्ट आवळलेले नाहीत. ‘वर घे’ म्हटले की तो वर घेतो आणि ‘खाली जा’ म्हटले की खाली जातो. आपल्या शब्दावर त्याचा विश्वास आहे, म्हणून तो जातो. व्यापारात दुसऱ्याचा विश्वास ही ठेव समजतात. ठेवीचा हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब आपणास नवा नाही. आपला वजनकाटा ठराविक मुदतीने तपासून घ्यावा लागतो आणि त्यावर मुद्रा मारून घ्यावी लागते. काट्यात पाव किलोचा फरक पडला तर गिऱ्हाइकाचे चार पैसे जातील, एवढ्यासाठी ही सारी खबरदारी. मग ज्या यंत्रात फरक पडला तर माणूस जाईल, त्याची तपासणी वर्षातून एकदाही होऊ नये काय? कारखान्यांसाठी १९४८ साली झालेल्या कायद्यात अशी तरतूद होती की, माल व माणसे वर नेणारी लिफ्ट सहा महिन्यांतून एकदा आणि ओझी उचलणारी इतर यंत्रे वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावीत व त्याची नोंद ठेवावी. पुढे कायदे बदलले, नव्या संहिता आल्या. परंतु त्यामागचे शहाणपण जुने झालेले नाही. इमारतीतील लिफ्टसाठीही कर्नाटकाने २०१२ साली आणि महाराष्ट्राने २०१७ साली स्वतंत्र कायदे केले. घरच्या गॅरेजातील दोन खांब मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीत. दार आपले, किल्ली आपली. निरीक्षक येत नाही, म्हणून घरधन्यानेच निरीक्षक व्हावयाचे.

पेवाची गोष्ट वर आलीच आहे. आपल्या वाडवडिलांचा एक दंडक होता. पेवाचे तोंड उघडले की लगेच माणूस आत सोडीत नसत; आधी पेटता कंदील दोरीने खाली सोडीत. आत कोंडलेली दूषित हवा असली की कंदील विझे. तो विझला तर पेव उघडे ठेवून वाट पाहात. ज्वारीचा भाव चढलेला असो, गाडी दारात थांबलेली असो, कंदील जळत राहिल्याखेरीज माणूस खाली उतरत नसे. आपण आज तो कंदील कोठे ठेवला, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. काँक्रीट, इंजिनियर, वार्षिक तपासणी हे सारे महाग पडते, असे सांगतात. माझे उत्तर असे की, जमिनीचा खर्च हा लिफ्टच्या किमतीचाच भाग आहे. तो वेगळा धरल्यामुळे महाग वाटतो. ज्याच्या अंदाजपत्रकात जमीन बसत नाही, त्याच्या अंदाजपत्रकात लिफ्टही बसत नाही. आधी कळस मग पाया, हा प्रकार घरबांधणीत जसा चालत नाही तसा येथेही चालत नाही. दुसरा आक्षेप, आमची लिफ्ट गाडी ठेवण्यापुरतीच आहे, तिच्याखाली कोणी काम करीत नाही. हे म्हणणे पहिले काही महिने खरे असते. मग एके दिवशी वरच्या गाडीचे तेल ठिबकते, खाली पोते पसरावयास कोणी जाते. लहान मुलांचा चेंडू आत जातो. ज्या छपराखाली माणूस वावरतो त्यास छपराइतकेच पक्के असले पाहिजे. तिसरा आक्षेप, विकणाऱ्याने हमी दिली आहे. हमी यंत्राची असते, तुमच्या जमिनीची नसते. तिचे कलम बारकाईने वाचल्यास हे आढळून येईल. आणि भरपाई मिळाली, तरी गेलेला माणूस परत येत नाही.

माझ्या सूचना थोड्या आहेत. घरात यंत्राची एक नोंदवही असावी. काँक्रीट केव्हा ओतले, बोल्ट केव्हा आवळले, दोर केव्हा पाहिले, तेल केव्हा घातले, हे तीत तारीखवार लिहावे. किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी आणि यंत्र हलत असताना त्याने तेथेच उभे राहावे. हात काढताच थांबणारे बटण असलेलेच यंत्र घ्यावे. दात्यांवर बसविल्याखेरीज कोणी खाली जाऊ नये, आणि ‘बसली’ हा शब्द मोठ्याने उच्चारल्याखेरीज कोणास खाली बोलावू नये. विजेचे अर्थिंग नीट करून घ्यावे, कारण गाडी धुण्याचे पाणी आणि मोटर एकाच जागी असतात. वर्षातून एकदा यंत्र विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराकडून तपासणी करवावी. आपल्या गावी जाणकारांचा तोटा नाही. उद्यमबाग व मच्छे येथील कारखान्यांतून तेलदाबाचे पंप व व्हॉल्व तयार होतात; ही विद्या जाणणारी माणसे आपल्या दारात आहेत. खंडेनवमीस आपण काट्यास, गाडीस व यंत्रास हार घालतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात ही तपासणी व्हावी म्हणजे पूजेस अर्थ येईल.

संघानेही थोडे करावे. बांधकाम जाणणाऱ्या व यंत्र जाणणाऱ्या इंजिनियरांची यादी कार्यालयात ठेवावी. ज्या सभासदांच्या घरी अशी यंत्रे आहेत त्यांची एकत्र वार्षिक तपासणी ठरवून खर्च वाटून घ्यावा; चारचौघांत काम केल्याने ते स्वस्त पडते आणि टाळलेही जात नाही. ड्रायव्हर व मदतनीस यांस एक दिवस बोलावून दाते म्हणजे काय, ते बसले की नाही हे कसे ओळखावे, आणि शंका आल्यास ‘मी खाली जाणार नाही’ असे मालकास निर्भयपणे कसे सांगावे, हे शिकवावे. शेवटची गोष्ट शिकवणे अवघड आहे, कारण ती प्रथम मालकांना शिकावी लागेल.

ज्यांच्या घरी यंत्र बसलेले आहे त्यांनी ही स्मरणिका बाजूस ठेवून एकदा गॅरेजात जावे, खांबाच्या तळाकडे पाहावे आणि जमीन काय आहे, बोल्ट कसे आहेत, दाते बसतात की नाही, याची खात्री करून घ्यावी. ज्यांना बसवावयाचे आहे त्यांनी लिफ्टचा दर विचारण्यापूर्वी जमिनीचा दर विचारावा. आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याचा मुलगा ज्या जागी उभा राहतो, त्या जागी आपण आपल्या मुलास निःशंकपणे उभे करू शकू, इतकी ती जागा पक्की असावी. याहून वेगळी कसोटी मला ठाऊक नाही, आणि सभासद बंधूंना ती मान्य होईल असा मला भरवसा आहे.